आबांनी लिहिलेले चोवीस तास

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून हवालदार होऊन परत आले त्याला तीस वर्षं उलटून गेली. आष्ट्याजवळच्या गावात आमची उसाची शेती आहे. भाऊ सैन्यातच, सध्या राजस्थानात. मी साताऱ्यात एका शाळेत शिकवते. त्यामुळे घरी आबा आणि आई दोघंच. आबांचं काही दुखतंय असं आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी आईनं फोन करून "तुझा बाप जेवताना मधीच हात थांबवतोय" एवढंच सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

गावी गेले आणि त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले. अर्धी भाकरी संपली तसा आबांचा हात थांबला. त्यांनी छातीच्या मधोमध तळवा दाबला, डोळे मिटले, थोडा वेळ तसेच बसले आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढचा घास मोडला. जेवण झाल्यावर कोरडा खोकला सुरू झाला, तो बराच वेळ थांबेना.

"आबा, हे कधीपासून?"

"काय?"

"हे छातीचं."

"पित्त हाय. सगळ्यांनाच असतंय."

पुढचे चार-पाच महिने त्यांना घेऊन मी फिरले. आष्ट्यात ईसीजी झाला. सांगलीत हृदयाच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर पाहिलं. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला यायचा आणि मी सुटकेचा निःश्वास सोडायचे. आबा मात्र दर चांगल्या रिपोर्टनंतर आणखी गप्प व्हायचे. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी थोडं बरं वाटायचं. पण खोकला जात नव्हता आणि हात थांबायचा तो थांबतच होता.

शेवटी आम्ही मिरजेला पोटाच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद नीट वाचले आणि म्हणाले, "हे सगळं बघून मला एवढंच कळतंय की काय नाहीये. काय आहे ते अजून कोणी मोजलेलंच नाही. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतंय का, किती येतंय, कधी येतंय, हे मोजता येतं. नाकातून एक बारीक नळी घालायची, ती चोवीस तास ठेवायची."

"मोजल्यानं काय हुईल, साहेब?" आबांनी विचारलं.

"आत्ता आम्ही अंदाजानं गोळ्या देतोय. मोजल्यावर अंदाज उरणार नाही."

आबांना हे पटलं. "मग मोजा," ते म्हणाले.

तपासणीच्या आधी सात दिवस पित्ताची गोळी बंद करायची होती, नाहीतर आम्ल दबलेलं राहणार आणि यंत्राला काही दिसणार नाही. आईला हे अजिबात आवडलं नाही. "चांगल्या लागू पडल्याल्या गोळ्या बंद करायला सांगणारा कसला डॉक्टर," असं ती फोनवर मला रोज ऐकवायची. ते सात दिवस आबांना जड गेले. तिसऱ्या दिवसापासून आंबट पाणी थेट घशाशी यायला लागलं. पण गोळी काही त्यांनी घेतली नाही.

ठरल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही मिरजेला पोहोचलो. तपासणीची खोली लहानशी होती. एक खाट, चाकाच्या गाड्यावर यंत्र, संगणकाचा पडदा, आणि टेबलावर दोन छोट्या बाटल्या. त्या बाटल्यांतल्या पाण्यात नळीचं टोक बुडवून एक बाई यंत्र बरोबर सांगतंय का ते पाहत होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, हातात बांगडी नाही. त्यांनी आबांना खाटेवर बसवलं आणि सगळं आधी सांगितलं. पहिली नळी जरा जाड. तिनं अन्ननलिकेचा जोर आणि खालची झडप नेमकी कुठे आहे ते कळणार. ती काढायची आणि मग दुसरी, बारीक नळी घालायची, ती उद्यापर्यंत राहणार.

नाकात बधिरतेचं मलम लावून त्यांनी पहिली नळी सरकवायला सुरुवात केली. नळी घशाशी पोहोचली तशी आबांना ओकारीची जोराची उबळ आली. डोळ्यांतून पाणी आलं, मान मागे गेली आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी स्वतःच्या हातानं नळी ओढून बाहेर काढली.

आबा खाली बघत होते.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकले नव्हते. मला वाटलं आता बाई चिडणार, बाहेर माणसं थांबलेली होती. पण त्यांनी आबांच्या हातात रुमाल दिला, नळी बाजूला ठेवली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"काय घाई न्हाई, बाबा. कुठलं गाव तुमचं?"

आबांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचं, बाई?"

"आटपाडीकडचं. मेंढरामागची माणसं आमी."

आबांनी मान वर केली. "आमच्याकडं येत्यात की तिकडची मेंढरं. ऊस तुटला की रानात बसवतो, खतासाठी."

"येत असतील. माझे वडील पण यायचे तिकडं, कृष्णाकाठाला. मी लहानपणी आलीया त्यांच्यासंगं." बाई हसल्या. "बाबा, तुमी मेंढराला औषध पाजताना बघितलंय का कवा?"

"बघितलंय की. नळीनं पाजत्यात."

"मग तवा त्याची मान कशी धरायची?"

आबांनी थोडा विचार केला. "लय वर न्हाई धरायची. ठसका लागतो. छातीत उतरतं औषध."

"तेच. तुमी मघाशी मान वर केली, म्हणून ठसका लागला. आता हनुवटी छातीला लावा. मी सांगितलं की पाण्याचा घोट गिळायचा. नळी मी ढकलत न्हाई, तुमीच गिळायची तिला. तुमी थांबा म्हणालात की मी थांबंन."

एवढं सांगून त्या उठल्या नाहीत. आबाच म्हणाले, "चला, घाला," तेव्हा उठल्या.

या वेळी मी त्यांचे हात बघत राहिले. दोन बोटांत नळी धरलेली आणि डोळे आबांच्या गळ्याच्या घाटीवर. घाटी वर जायला लागली की बोटं हलायची, खाली आली की थांबायची. "गिळा. झालं. परत गिळा. लय चांगलं." चार-पाच घोटांत नळी आत गेलीसुद्धा. मग दहा वेळा चमच्याएवढं पाणी, आणि मधल्या वेळात अजिबात गिळायचं नाही. आबा मुठी आवळून बसले, पण हलले नाहीत. पडद्यावर रंगीत पट्टे उमटत होते आणि बाई हळू आवाजात आकडा मोजत होत्या. ती नळी निघाली, दुसरी बारीक नळी तर आबांनी सहज गिळली. तिचं बाहेरचं टोक गालावर पट्टीनं चिकटवून, कानामागून नेऊन एका छोट्या यंत्राला जोडलं. जुन्या ट्रान्झिस्टरएवढं यंत्र, त्याला खांद्यावर अडकवायचा पट्टा.

यंत्रावर तीन बटणं होती. जेवायला बसलं की एक दाबायचं, आडवं झालं की दुसरं, आणि जळजळ किंवा खोकला आला की तिसरं. शिवाय काय केलं ते वेळेसकट लिहायचं. त्यासाठी एक छापील कागद दिला.

"बाबा, दोन गोष्टी," बाई म्हणाल्या. "रोज जे करता तेच करा. मऊ भात खाऊन आलात तर माझं यंत्र मऊ भाताचंच सांगंल. आणि जे झालं तेच लिवा. माणसं घरच्यांच्या भीतीनं खोटं लिवतात, मग सगळी मेहनत वाया जाती."

बाहेर आल्यावर आबांनी छापील कागद उलटसुलट पाहिला, एवढ्यात काय मावणार म्हणाले आणि दवाखान्यासमोरच्या दुकानातून एक वही घ्यायला लावली. गाडीत बसताच पहिली ओळ लिहिली. अकरा पंचवीस, निघालो. सैन्यातली वेळ लिहायची सवय त्यांची कधी गेलीच नाही.

गावात शिरल्याशिरल्या शेजारचे एक काका भेटले. "काय रं गड्या, नाकात काय हे?"

"मोजणी चाललीया."

"कसली मोजणी?"

"पित्ताची," असं म्हणून आबा पुढे चालायला लागले.

आईनं त्यांच्यासाठी बिनतिखटाची मुगाची आमटी करून ठेवली होती. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोजचं वाढ." आईनं माझ्याकडे बघितलं. शेवटी तिनं ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली, आणि आबांनी बटण दाबून जेवायला सुरुवात केली. संध्याकाळी ते यंत्र खांद्याला अडकवून शेतातही गेले. वाकून पाटाची माती ओढली. "जपून," मी म्हटलं, तर म्हणाले, "रोज ओढतो. तिनं रोजचंच करायला सांगितलंया." प्रत्येक वेळी खिशातून वही निघायची, घड्याळ पाहिलं जायचं, दोन शब्द लिहिले जायचे. मी वाचायला गेले तर त्यांनी वही मिटली. "उद्या तिथं वाच."

दुसऱ्या दिवशी आईही बरोबर आली. बाईंनी पट्टी सोडवून नळी अलगद काढली, यंत्र संगणकाला जोडलं आणि पडद्यावर एक लांब वाकडीतिकडी रेघ आली. रेघ खाली उतरली की तिथे आम्ल वर आलेलं. बाईंनी आबांची वही उघडली आणि पेन घेऊन एकेक नोंद वाचत रेघेशी ताडून बघू लागल्या.

"तेरा दहा, जेवण. दीड भाकरी, ठेचा, वांगं. तेरा चाळीस, खोकला." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. रेघ तिथं खाली गेली होती. "सोळा दहा, तंबाखू, चिमूटभर."

आबांनी दोन वर्षांपूर्वी तंबाखू सोडली होती. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

"तुमी तर सोडली म्हणाला हुता," आई म्हणाली.

"खरं लिवा म्हणली ती," आबा म्हणाले. नजर जमिनीवर, पण आवाज सरळ.

बाईंनी काहीच न ऐकल्यासारखं पुढे वाचलं. "सतरा पाच, वाकून माती ओढली, घशाशी आलं." रेघ खाली. "सतरा तीस, छातीत कळ. बांधावर पाय घसरला हुता, त्याची असंल. जळजळ न्हाई." इथे रेघ सरळ होती. बाई थांबल्या, पुन्हा वाचलं आणि हसून मान हलवली. मग पुढे. "एकवीस पंधरा, जेवण. बावीस शून्य, आडवा झालो. बावीस वीस, उठलो. बावीस पंचवीस, सोप्यात खुर्चीत बसलो. हिला उठवलं न्हाई. शून्य एक चाळीस, परत आडवा. शून्य दोन शून्य, परत खुर्ची. पाच वाजेपर्यंत तिथंच."

"रोज असं बसता, बाबा?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"किती दिवस?"

"तीन एक वर्सं झाली असतील."

आईचा हात तोंडावर गेला. रात्री कधी तिला जाग आली आणि आबा अंथरुणात दिसले नाहीत, तर तिला वाटायचं की शेतीची वीज आली असेल, मोटार चालू करायला गेले असतील. विचारलं तर तेही तसंच सांगायचे. तीन वर्षं हा माणूस खुर्चीत बसून झोपत होता आणि घरात दुसऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी वहीतलं ते "हिला उठवलं न्हाई" मी वाकून स्वतः पुन्हा वाचलं.

बाई आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. "सर, ही वही बघा. मी इतकी वर्षं हे काम करतीया, पण रेघेशी अशी मिनिटाला मिनिट जुळणारी नोंद बघितली न्हाई. कुठं दुखलं ते पण लिवलंय आणि कशानं न्हाई दुखलं ते पण."

डॉक्टरांनी उभ्याउभ्या दोन्ही पानं वाचली. मग आबांच्या शेजारी बसून सांगितलं. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडली आहे. वाकलं की आणि आडवं झालं की आम्ल वर चढतं, खोकलाही त्यानंच होतो. हृदयाला काही नाही, गाठ वगैरे काही नाही. "तुमचा त्रास खरा आहे," ते म्हणाले. "आणि बराच आहे. दुसरा कोणी इतके दिवस गप्प बसला नसता."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळे रिपोर्ट चांगलेच येत्यात, साहेब. मला वाटलं हुतं मीच लबाड हाय. दुखत न्हाई आणि उगंच पोरीला पळवतोय."

चांगल्या रिपोर्टनंतर ते गप्प का व्हायचे ते मला तेव्हा कळलं. मी मात्र प्रत्येक वेळी "बघा, काही नाही निघालं" असं आनंदानं म्हणत आले होते.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. ऑपरेशनची आत्ता गरज नाही. आबा गोळी जेवणानंतर घेत होते, ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. आम्हालाही कोणी हे नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नव्हतं. रात्रीचं जेवण सातच्या आत, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवायचे. मातीचं काम वाकून नको, गुडघे मोडून बसून करायचं. आणि तंबाखू बंद.

"ती बंदच हाय आता," आईनं आबांच्या वतीनं सांगून टाकलं.

कागद तयार होईपर्यंत आबा बाईंशी बोलत बसले. हे काम कुठं शिकलात, त्यांनी विचारलं. बाईंनी हातातलं काम चालू ठेवत सांगितलं. वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागे, म्हणून त्यांना मामांकडे ठेवलेलं. बारावी झाल्यावर मिरजेत दवाखान्यात कामाला लागल्या. आधी खोल्या आवरायच्या, मग नळ्या धुवायच्या, त्यातच तपासणीचं शिक्षण घेतलं. हे यंत्र आलं तेव्हा कोणालाच ते करायला नको वाटायचं, कारण माणसं ओकतात, ओरडतात, कधी हात उगारतात. "मला काय त्याचं वाटत न्हाई. घाबरल्यालं जनावर पण लाथ मारतंच. घाई केली न्हाई की ते गप राहतं. पहिल्यांदा मी स्वतःच्या नाकात नळी घालून घेतली हुती, कसं वाटतं ते कळावं म्हणून. दोनदा."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा माझ्याकडनंच ओढली गेली."

आबा हसले. त्या दोन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं हसणं. निघताना दारात वळून ते बाईंना म्हणाले, "तुझा हात चांगला हाय, पोरी." आबांकडून एवढं ऐकायला माझ्या भावाला सैन्यात बारा वर्षं काढावी लागली होती. बाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि नमस्कार केला.

घरी गेल्यावर आईनं त्याच संध्याकाळी विटा शोधल्या. पहिल्या रात्री खाट इतकी उंच केली की आबा सकाळपर्यंत पायथ्याला येऊन पोहोचले. मग एक वीट कमी केली. सात वाजता जेवण हा तर गावभर चेष्टेचा विषय झाला. पारावरची माणसं आबांना "दवाखान्याचं जेवण झालं का" म्हणून विचारायची. आबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. तंबाखूला मात्र वेळ लागला. दोनदा परत सुरू झाली आणि दोन्ही वेळा त्यांनी आईला आपणहून सांगितलं.

दोन महिन्यांत खोकला निम्म्यावर आला, आणखी दोन महिन्यांत जवळजवळ गेला. अगदी पूर्ण बरं वाटतं असं नाही. ठेचा खाल्ला की अजून छाती धरतात, आणि ठेचा काही सोडत नाहीत. डॉक्टर म्हणतात तेवढं चालायचंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. सकाळी उठले तर सहा वाजून गेले होते, आई चुलीपुढे बसलेली, चहा उकळत होता. मी कप घेऊन आबांना उठवायला निघाले, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"झोपू दे," ती म्हणाली. "अजून गाढ हायत."

मी दारातून बघितलं. आबा कुशीवर वळून झोपले होते, तोंड थोडं उघडं, एक हात उशाखाली. मी कप तसाच आणून चुलीजवळ ठेवला आणि आईशेजारी बसून माझा चहा प्यायला लागले.